कापूस आणि रुई : शोधनिबंधाच्या वाचकाविषयी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये 'केअर' ही मान्य शोधनियतकालिकांची यादी बंद केली आणि शोधनिबंध कोणत्या नियतकालिकात छापावा, याचा निर्णय अध्यापकांवर आणि त्यांच्या संस्थांवर सोपवला. तेव्हापासून आमच्या भागातील महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये एकच विषय चघळला जातो : आता कोणते नियतकालिक चालेल आणि कोणते चालणार नाही. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी अनेक वर्षे अर्थशास्त्र शिकवले. निबंध कुठे छापायचा यावर एवढा खल होत असताना तो वाचणार कोण, हे विचारताना मी या सगळ्या काळात क्वचितच कोणाला ऐकले. हे पत्र त्या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे. त्यात पहिला दोष माझाच असल्यामुळे सुरुवात माझ्यापासूनच करणे योग्य होईल.

काही वर्षांपूर्वी मी जवळच्या एका गावातील ६० कापूस उत्पादक कुटुंबांची पाहणी करून एक निबंध लिहिला होता. गावाची सरासरी एकरी ६ क्विंटल, म्हणजे हेक्टरी जवळपास १५ क्विंटल निघाली. तुलनेसाठी जिल्ह्याचा आकडा एका प्रकाशित तक्त्यातून उचलला, तर तो याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास होता. आपण निवडलेले गाव जिल्ह्याच्या तिप्पट पिकवते, हे पाहून मी हरखून गेलो आणि त्याची कारणेही शोधून काढली : बचत गट, ठिबक, शेतीशाळा, गावातील एकोपा. निबंध परिषदेत वाचला गेला, दोन तज्ज्ञांच्या नजरेखालून गेला आणि रीतसर छापून आला. पुढच्या हंगामात त्याच गावी गेलो असता एका शेतकऱ्याने मला पारावर गाठून विचारले, "सर, मांगच्या साली तुमी लिहून नेलं व्हतं, त्याचं काय झालं जी?" मी मोठ्या उत्साहाने पिशवीतला अंक त्यांच्या हाती दिला. त्यांची मुलगी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने ओसरीवर बसून तो मोठ्याने वाचायला घेतला. पहिली तीन पाने सर्वांनी पोथी ऐकावी तशी निमूटपणे ऐकली. तक्ता आला तेव्हा तिच्या चुलत्यांनी, ज्यांनी जिनिंगच्या काट्यावर कित्येक हंगाम काढले होते, तिला हाताने थांबवले आणि म्हणाले, "थांब बाई. हा जिल्ह्याचा आकडा रुईचा असन."

तो रुईचाच होता. शेतकरी वेचतो, गाडीत भरतो आणि बाजार समितीत विकतो तो सरकीसकट कापूस असतो. जिनिंगमध्ये सरकी वेगळी झाली की क्विंटलामागे साधारण ३३ ते ३५ किलो रुई उरते, आणि सरकारी व व्यापारी आकडेवारी बहुधा या रुईतच मोजलेली असते. मी ज्या तक्त्यावरून आकडा घेतला त्याच्या तळटीपेत तसे स्पष्ट लिहिलेले होते. मी मात्र दोन्ही रकान्यांच्या डोक्यावर 'कापूस' असे लिहून मोकळा झालो होतो. माझे गाव जिल्ह्याच्या पुढे नव्हते, फार मागेही नव्हते, आणि मी शोधून काढलेली सगळी कारणे हवेत लटकत होती.

त्या संध्याकाळी एस. टी. च्या प्रवासात मी या चुकीचा बराच विचार केला. आकडेमोड चुकली नव्हती, पाहणीही मी प्रामाणिकपणे केली होती. लिहिताना हा कागद कापसातले कळणारा कोणी माणूस वाचेल, असे मला एकदाही वाटले नव्हते, आणि चूक शिरली ती तेथून. जिनिंगवरचा काटेवाला, नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतला एखादा शास्त्रज्ञ किंवा खरेदी केंद्रावरचा ग्रेडर, यांपैकी एक जरी चेहरा डोळ्यांपुढे असता, तर त्याने पहिल्याच ओळीला विचारले असते की कापूस म्हणजे कोणता कापूस. मग रकान्यावर 'सरकीसह' हा एक शब्द आपोआप आला असता आणि निबंध या चुकीतून वाचला असता.

एककाचीच गोष्ट पाहा. एकरी ६ क्विंटल हे शेतकऱ्याला तत्काळ समजते, कारण त्याची वेचाई, त्याचे पोते आणि त्याचा हिशेब त्याच मापाने चालतो. हेच उत्पादन कृषिशास्त्रज्ञासाठी लिहायचे झाले तर हेक्टरी सुमारे ५०० किलो रुई असे लिहावे लागेल, आणि व्यापाऱ्यासाठी लिहायचे झाले तर १७० किलोच्या जवळपास ३ गाठी. तिन्ही आकडे खरे आहेत आणि एकाच शेतातले आहेत. त्यांतला कोणता मुख्य मजकुरात घ्यायचा, कोणता कंसात द्यायचा आणि रूपांतर कोणत्या ठिकाणी समजावून सांगायचे, हे ठरवण्यासाठी आधी वाचक ठरवावा लागतो. वाचक ठरवला नाही, तर ज्या कागदावरून आकडा उतरवला त्याचे एकक जसेच्या तसे आपल्या निबंधात येऊन बसते, आणि तेच माझ्या बाबतीत झाले.

आज आपल्याकडचा शोधनिबंध खरोखर कोणाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिला जातो, याचे उत्तर कडू आहे, पण ते सर्वांना ठाऊक आहे. आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने एपीआयचे, म्हणजे अध्यापकाच्या शैक्षणिक कामगिरीचे, गुण आणले, तेव्हापासून तो मोजणाऱ्या समितीसाठी लिहिला जाऊ लागला. समिती निबंध वाचत नाही, मोजते. तिच्यापुढे फाईल ठेवली की तिला शीर्षक, आयएसएसएन क्रमांक आणि वर्ष एवढेच पाहायचे असते. त्यात २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविषयीचे नियम आले, १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य ठरले आणि निबंधाला आणखी एक वाचक मिळाला. हा दुसरा वाचक म्हणजे साम्य मोजणारे संगणकीय यंत्र. नियमाचा हेतू चांगला होता, त्याबद्दल वाद नाही. परंतु माझ्याकडे एकदा एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाचे प्रकरण तपासायला आले, त्यात 'अल्पभूधारक शेतकरी' हा शब्द जागोजागी बदलून 'न्यूनभूमीधारी कृषक' असा केला होता आणि 'विहीर' या साध्या शब्दाचा 'कूप' झाला होता. विचारले तेव्हा तो म्हणाला की अहवालात टक्के जास्त येत होते. आता 'अल्पभूधारक' हा नुसता शब्द नव्हे, ती कृषी गणनेतली १ ते २ हेक्टरची ठरलेली व्याख्या आहे. तो शब्द बदलला की वाचकाला काय मोजले हेच कळेनासे होते. यंत्राने प्रकरण उत्तीर्ण केले होते. मला मात्र ते दोनदा वाचूनही उमगले नाही, आणि त्याचा दोष त्या मुलाला देणे माझ्या जिवावर येते, कारण त्याला माणसासाठी लिहायला आम्ही कधी शिकवलेच नव्हते.

आपल्या निबंधांच्या काही ठरावीक चाली आहेत. शीर्षकाच्या शेवटी 'एक चिकित्सक अभ्यास' असते आणि पहिले वाक्य 'भारत हा कृषिप्रधान देश आहे' असे असते. मी स्वतः हे वाक्य किती वेळा लिहिले असेल, याची गणती नाही. कृषी अर्थशास्त्राच्या नियतकालिकाचा वाचक हे वाक्य वाचून कोणती नवी गोष्ट शिकतो? त्याला हवे असते ते हे की या विषयात आतापर्यंत काय ठाऊक आहे, कोठे अडले आहे आणि तुम्ही नेमके काय पाहून आला आहात. त्यानंतर 'संशोधन म्हणजे काय' याच्या चार परदेशी विद्वानांच्या व्याख्या येतात आणि त्या तशाच मागे राहतात. पुढे त्यांचा कोठेही उपयोग होत नाही.

व्याख्या देऊच नयेत असे माझे म्हणणे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर लिहिलेला निबंध अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने या दृष्टीने वाचावा. त्यात किफायतशीर धारणा, म्हणजे परवडेल एवढी शेतजमीन, कशाला म्हणावे, याविषयीची इतर अभ्यासकांची मते एकामागून एक मांडलेली आहेत. परंतु ती मांडण्यामागे कारण आहे. जमिनीचे तुकडे एकत्र केले की प्रश्न सुटेल असे मानणारा वाचक त्यांच्यापुढे बसलेला आहे. त्या वाचकाचे म्हणणे आधी पूर्ण ऐकून घेऊन ते दाखवतात की या व्याख्या कुटुंबाच्या गरजेवरून, म्हणजे उपभोगाच्या बाजूने केलेल्या आहेत, आणि शेत हा उत्पादनाचा व्यवसाय असल्याने त्याचा आकार उत्पादनाच्या इतर साधनांशी ताडून ठरवायला हवा. समोरच्याला काय पटलेले आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्याच हातून असा युक्तिवाद उतरतो. आम्ही व्याख्या उतरवतो त्या पाने भरण्यासाठी.

'यादृच्छिक पद्धतीने ५० उत्तरदात्यांची निवड करण्यात आली' हे वाक्यही असेच. खेड्यात पाहणी कशी होते, हे आपण सारे जाणतो. दुपारी शेतात गेलेली माणसे भेटत नाहीत, आठवडी बाजाराच्या दिवशी भेटतात, पारावर बसलेली म्हातारी माणसे हमखास भेटतात, आणि बाया समोर आल्या तरी उत्तरे घरधनी देतो. हे लिहायला लाज कशाची? अनोळखी वाचकाला, जो तुमच्या गावी कधी येणार नाही, तुमचा आकडा किती भरवशाचा मानावा हे ठरवायला हीच माहिती लागते. 'सरपंचांच्या घरून यादी मिळाली, त्यातली ३५ कुटुंबे भेटली, भूमिहीन मजुरांची वस्ती राहून गेली' असे एक प्रांजळ वाक्य 'यादृच्छिक' या शब्दापेक्षा संशोधनाची किंमत वाढवते. परीक्षक अशा कबुलीवर गुण कापतील ही भीती मात्र अगदीच खोटी नाही, हे मी मान्य करतो.

गोषवाऱ्याबद्दल थोडे. आता प्रबंध 'शोधगंगा' या प्रबंधांच्या संकेतस्थळावर चढतात, निबंध मोबाईलवर उघडतात, आणि बहुतेक जण शीर्षक, गोषवारा, तक्ते व निष्कर्ष एवढेच पाहून पुढे जायचे की नाही ते ठरवतात. अशा वाचकाला आपण काय देतो? 'प्रस्तुत शोधनिबंधात सोयाबीन उत्पादक शेतकऱ्यांच्या विपणनविषयक समस्यांचा अभ्यास करून उपाययोजना सुचवण्यात आल्या आहेत.' या वाक्यात एकही उत्तर नाही. किती शेतकऱ्यांनी मळणीनंतर लगेच माल विकला, हमीभावापेक्षा किती कमी मिळाले, आणि ते थांबू का शकले नाहीत, खरेदी केंद्रावरील १२ टक्के ओलाव्याच्या अटीमुळे की कृषी केंद्राच्या उधारीमुळे, हे तीन वाक्यांत सांगता येते. ज्याला ते महत्त्वाचे वाटेल तो पुढचे पान उघडेल. शेवटच्या 'शिफारशी' तर मला वाचवत नाहीत. 'शासनाने याकडे लक्ष द्यावे' असे म्हटले की ते पत्र कोणत्याच टेबलावर जात नाही. बाजार समितीच्या सचिवांच्या अधिकारात काय आहे, तालुका कृषी अधिकारी काय करू शकतात आणि कशासाठी थेट मंत्रालयच गाठावे लागते, हे वेगळे करून लिहिले तर त्यांतला एखादा तरी वाचक 'हे माझे काम आहे' असे म्हणेल.

माझे एक सहकारी यावर नेहमी आक्षेप घेतात, आणि तो हलका नाही. ते म्हणतात की वाचकाचा विचार करा म्हणजे सोपे लिहा, सोपे लिहा म्हणजे पातळ करा, आणि मग विद्यापीठात आणि वर्तमानपत्राच्या पुरवणीत फरक काय उरला? मला वाटते, सोपे लिहिणे आणि वाचकासाठी लिहिणे या वेगळ्या गोष्टी आहेत. अर्थशास्त्रज्ञाने अर्थशास्त्रज्ञासाठी लिहिताना 'मागणीची लवचिकता' समजावत बसणे हा त्या वाचकाचा अपमान आहे, आणि त्याला हवी असलेली चाचणी व प्रमाण त्रुटी गाळून टाकणे हा तर अपराधच. एका निबंधाला एक मुख्य वाचक असावा. तो कठीण लेखनाची अपेक्षा करत असेल, तर कठीण लिहावे. अवघड शब्द ज्याच्यासाठी आहे तो माणसाच्या रूपात डोळ्यांपुढे असला म्हणजे झाले.

याचे उत्तम उदाहरण आपल्या विदर्भातच आहे. गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले होते, आणि त्याआधी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. जगभरच्या आरोग्य धोरणात ग्रामीण स्त्री म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच समीकरण होते. ज्या वाचकांच्या डोक्यात ते पक्के बसले होते, त्यांच्याच भाषेत आणि त्यांच्याच पद्धतीने हे दोन आकडे समोर ठेवले गेले. पुढे १९९९ मध्ये त्याच नियतकालिकात डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा घरोघरी नवजात बालकांची सेवा करण्याविषयीचा निबंध आला. सेवा दिलेली ३९ गावे आणि तुलनेसाठीची ४७ गावे अशी त्याची मांडणी होती, कारण तुलनेशिवाय तो वाचक विश्वास ठेवणार नाही हे लेखकांना ठाऊक होते. बालमृत्यूंचा हाच प्रश्न जेव्हा महाराष्ट्रातील लोकांपुढे मांडायचा होता, तेव्हा २००१ मध्ये मराठीत अहवाल निघाला आणि त्याचे नाव होते 'कोवळी पानगळ'. 'अर्भक मृत्युदर' हा शब्द डॉक्टरांना पुरतो. आमदाराला, पत्रकाराला आणि आईला 'कोवळी पानगळ' हे दोन शब्द जे सांगतात, ते दराच्या आकड्याला सांगता येत नाही. वाचक बदलला तेव्हा नावापासून सारे नव्याने लिहिले गेले.

आणि ही समज आपल्या मातीत काही नवी नाही. महानुभाव पंथातील केशिराजांनी संस्कृतात रचना करायचे मनात आणले, तेव्हा पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांनी त्यांना अडवल्याची हकीकत प्रसिद्ध आहे : नको, त्याने माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, म्हणजे संस्कृत न कळणाऱ्या वृद्ध स्त्रिया त्याला मुकतील. सातशे वर्षांपूर्वीचा हा संपादकीय अभिप्राय आहे असे मी वर्गात गमतीने सांगत असे. नागदेवाचार्यांना संस्कृताचे वावडे नव्हते. त्यांना आपला वाचक, खरे तर श्रोता, नावागावानिशी माहीत होता.

आता व्यवहाराचे बोलतो. यवतमाळ, वाशीम, बुलढाणा, गडचिरोली या जिल्ह्यांवर जेवढे प्रबंध झाले असतील, तेवढ्या प्रश्नावल्या येथील माणसांनी उन्हातान्हात बसून भरून दिल्या आहेत. कर्ज, आत्महत्या, कुपोषण, बोंडअळी, २०१७ ची फवारणीतली विषबाधा, सारे विचारून झाले. त्यांच्यापर्यंत परत काय गेले? मोठ्या धोरणाची वाट न पाहता महाविद्यालयाच्या पातळीवर एक गोष्ट सहज करता येईल. ज्या गावात पाहणी झाली त्या गावासाठी प्रत्येक संशोधकाने दोन पानांचा मराठी सारांश लिहावा आणि ग्रामसभेत स्वतः वाचून दाखवावा. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे कायद्यानेच बंधनकारक आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा सर्वांच्या ओळखीच्या आहेत, तेव्हा नवे व्यासपीठ उभारायची गरज नाही. हा सारांश मुख्य निबंध पाठवण्याच्या आधी वाचावा, नंतर नव्हे. माझ्या चुकीवर बोट ठेवणारा माणूस छपाईनंतर भेटला. आधी भेटला असता, तर एक खोटा निष्कर्ष कमी छापला गेला असता. गावातील प्रत्येक हरकत बरोबरच असेल असे नाही, काही वेळा लोक अनुदानाच्या आशेने किंवा शेजाऱ्याच्या धाकाने वेगळेच सांगतील. पण तेही टिपून घेण्यासारखेच असते.

संपादक महोदय, आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. आपल्या जिल्हा आवृत्तीत पीएच. डी. मिळाल्याच्या बातम्या शाल-श्रीफळाच्या छायाचित्रासह येतात. त्यांत विषयाचे लांबलचक नाव असते, मार्गदर्शकांचे नाव असते आणि अभिनंदन करणाऱ्यांची यादी असते. प्रबंधात काय आढळले, याची एक ओळही नसते. त्या जागेतील पाव स्तंभ आपण संशोधकाच्या तीनशे शब्दांच्या सारांशासाठी राखून ठेवला, तर लिहिणाऱ्याला प्रथमच कळेल की आपले लेखन सकाळी चहाच्या टपरीवर वाचले जाणार आहे. माझ्या त्या जुन्या निबंधाचा दुरुस्त केलेला सारांश मी या पत्रासोबत पाठवत आहे. गावाचा आणि जिल्ह्याचा आकडा आता दोन्ही सरकीसह कापसाचे आहेत, एकरी क्विंटलमध्ये दिले आहेत, आणि पाठवण्यापूर्वी ते त्या जिनिंगवाल्या काकांना वाचून दाखवले आहेत.

आपला,
अर्थशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक,
जि. यवतमाळ